कन्सोल जोडला, पण पडदा काळाच!

मॅनेज्ड (म्हणजे कमांड देऊन सेट करता येणारे) स्विच आणि राउटर यांच्या कमांड लाइनबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. बहुतेकांच्या हाताखाली सिस्कोचा कॅटालिस्ट २९६० किंवा त्याच घराण्यातला स्विच आहे, म्हणून उदाहरणंही त्याचीच. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा. जोडरेघ असेल तिथे जोडरेघ आणि मोकळी जागा असेल तिथे मोकळी जागा, तशीच ठेवा.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमधल्या २९६० ला निळी कन्सोल केबल लावली, ती यूएसबी कन्व्हर्टरने लॅपटॉपला जोडली आणि पुट्टी (कमांड टाइप करायचं टर्मिनल सॉफ्टवेअर) उघडलं. कधी पडदा नुसता काळा राहतो, तर कधी चित्रविचित्र अक्षरं येतात. केबल बाद आहे की स्विच? (सांगली)

उत्तर : चित्रविचित्र अक्षरं येतात, ही खरं तर चांगली खूण आहे. केबल, कन्व्हर्टर आणि पोर्ट तिन्ही शाबूत आहेत, फक्त वेग जुळत नाही. २९६० चा कन्सोल (कमांड देण्यासाठीचा थेट पोर्ट) ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट वेगाने, चालतो : ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. मिक्रोटिक कंपनीचे राउटरबोर्ड १,१५,२०० वर बोलतात. त्याच लॅपटॉपवर आधी कुणी मिक्रोटिक उघडून सेशन सेव्ह केलं असेल, तर तुम्ही नकळत तेच उघडत असाल. पुट्टीत ‘सिरियल’ निवडल्यावर ९६०० आपोआप येतं, पण फ्लो कंट्रोल (पाठवणं कधी थांबवायचं ते ठरवणारं सेटिंग) ‘एक्सऑन/एक्सऑफ’वर असतं. ते ‘नन’ करा. तिथे ‘आरटीएस/सीटीएस’ निवडलेलं असेल आणि केबलमध्ये त्या तारा नसतील, तर स्विचकडून येणारी अक्षरं दिसतात, पण तुमची पलीकडे जातच नाहीत.

काळ्या पडद्याची कारणं जास्त आहेत. सगळ्यात साधं कारण म्हणजे कन्सोल आपणहून बोलत नाही. दोन-तीनदा एंटर मारा. मग केबल कुठे खुपसली आहे ते बघा. २९६० चा कन्सोल पोर्ट मागच्या बाजूला असतो आणि दिसायला हुबेहूब लॅनच्या पोर्टसारखाच. २९६०-एक्सच्या पाठीवर तर मॅनेजमेंटचा इथरनेट पोर्टही तशाच आकाराचा आहे, त्यामुळे घाईत हमखास चूक होते. पुढच्या बाजूच्या मिनी-यूएसबी कन्सोलला कुणी केबल लावून ठेवली असेल, तर तीही काढा. ती चालू असताना मागच्या पोर्टवरून टाइप केलेलं स्विच ऐकत नाही.

यानंतर लॅपटॉपकडे वळा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’खाली कन्व्हर्टर कोणत्या कॉम नंबरवर आलाय ते पाहून तोच नंबर पुट्टीत द्या. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला की हा नंबर बदलू शकतो. नावापुढे पिवळा त्रिकोण असेल, तर दोष ड्रायव्हरचा. प्रोलिफिकच्या जुन्या किंवा नकली चिप नव्या ड्रायव्हरला चालत नाहीत. नवीन घ्यायचाच असेल तर एफटीडीआय चिप आत बसवलेली, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला थेट आरजे-४५ असलेली कन्सोल केबल घ्या. मधला अडॅप्टरच जातो आणि निम्मी डोकेदुखी संपते.

कन्व्हर्टर चांगला आहे की नाही, हे स्विचशिवायही तपासता येतं. त्याच्या नऊ पिनांच्या टोकावरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना पेपरक्लिपच्या तारेने एकमेकींना जोडा आणि पुट्टीत काहीही टाइप करा. अक्षरं पडद्यावर उमटली तर कन्व्हर्टर ठीक आहे. तार काढल्यावर ती उमटायची थांबली पाहिजेत.

मग राहते केबल. कन्सोलची केबल ‘रोलओव्हर’ असते, म्हणजे १ ची तार ८ वर, २ ची ७ वर, अशी पूर्ण उलटी. स्विच ३ नंबरच्या पिनवरून बोलतो आणि ६ नंबरवर ऐकतो, ४ आणि ५ ग्राउंड. उलटल्यावर ३ ची ६ होते, ४ ची ५ होते आणि अडॅप्टर त्याच हिशेबाने बनवलेला असतो. कुणी निळ्या केबलच्या जागी साधी पॅच केबल लावली की बोलणाऱ्याला बोलणारा भिडतो. दोन्ही प्लग खिटी खाली करून शेजारी धरा. रंगांचा क्रम एकात डावीकडून उजवीकडे आणि दुसऱ्यात बरोबर उलटा दिसला, तर ती रोलओव्हर.

एवढं करूनही काही दिसलं नाही, तर लॅबचा स्विच बंद करून चालू करा. काही सेकंदांत बूटच्या ओळी धावायला लागतात. चालू ऑफिसमधल्या स्विचवर हा उपाय नको.

प्रश्न : कमांडमध्ये एक अक्षर चुकलं की स्विच ‘ट्रान्सलेटिंग’ असं काहीतरी म्हणत बराच वेळ अडकून बसतो. तसंच ‘इनव्हॅलिड इनपुट’ आणि ‘अँबिग्युअस’ यांत फरक काय? (नांदेड)

उत्तर : तुम्ही टाइप केलेला शब्द कमांडच्या यादीत सापडला नाही की स्विच समजतो, हे एखाद्या मशीनचं नाव असणार आणि ह्यांना तिथे टेलनेट (नेटवर्कवरून लॉगिन) करायचंय. मग तो डीएनएस सर्व्हर शोधायला २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर हाका मारत बसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकदम दाबलं की सुटका होते. कायमचा उपाय कॉन्फिग मोडमध्ये ‘नो आयपी डोमेन-लुकअप’.

‘अँबिग्युअस’ म्हणजे अक्षरं कमी पडली. ‘सी’ आणि ‘ओ’ एवढी दोनच अक्षरं दिली तर कॉन्फिगर, कनेक्ट की कॉपी, हे त्याला कळत नाही. ‘इनकम्प्लीट’ म्हणजे इथपर्यंत बरोबर आहे, पुढचं सांगा. शेवटी एक जागा सोडून प्रश्नचिन्ह टाइप केलं की पुढे काय चालेल याची यादी येते. ‘इनव्हॅलिड इनपुट’मध्ये वरच्या ओळीखाली एक छोटं टोपीचं चिन्ह येतं, तिकडे बहुतेक जण बघतच नाहीत. ते ज्या अक्षराखाली असतं तिथून पुढचं स्विचला कळलेलं नाही, त्याच्या डावीकडचं सगळं बरोबर आहे. टोपी पहिल्याच शब्दाखाली असेल, तर बहुधा तुम्ही चुकीच्या मोडमध्ये आहात. प्रॉम्प्टच्या टोकाला > असताना ‘कॉन्फिगर टर्मिनल’ चालत नाही, आधी ‘इनेबल’ करून # वर यावं लागतं. कॉन्फिग मोडमध्ये ‘शो’ चालत नाही, तिथे आधी ‘डू’ लावून ‘डू शो’ म्हणा.

टाइप करताना मध्येच लॉगच्या ओळी घुसून कमांड तुटल्यासारखी दिसत असेल, तर ‘लाइन कन्सोल ०’मध्ये ‘लॉगिंग सिंक्रोनस’ द्या.

प्रश्न : शाखेतल्या स्विचवर नवीन व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) ३० द्यायचा होता. मुख्य ऑफिसमधून एसएसएच (लांबून सुरक्षित लॉगिन) करून अपलिंकवर, म्हणजे मुख्य ऑफिसकडे जाणाऱ्या पोर्टवर, ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ दिलं आणि त्याच क्षणी सेशन गोठलं. शाखेचं सगळं नेटवर्क गेलं. आता दोनशे किलोमीटर गाडी काढू का? (नाशिक)

उत्तर : गाडी काढण्याआधी एक आठवा : ही कमांड दिल्यावर ‘राइट’ (म्हणजे सेव्ह) केलं होतं का? केलं नसेल, तर शाखेतल्या कुणालाही स्विचची विजेची वायर काढून पुन्हा लावायला सांगा. चालू कॉन्फिग रॅममध्ये असतं, सेव्ह केलेलं वीज गेली तरी टिकणाऱ्या एनव्हीरॅममध्ये. वीज गेली की रॅममधलं पुसलं जातं आणि स्विच जुन्या कॉन्फिगवर उठतो. सेव्ह केलं असेल, तर मात्र कन्सोल केबल आणि लॅपटॉप घेऊन कुणीतरी तिथे बसलंच पाहिजे. शाखेत लॅपटॉप आणि केबल आधीच असेल तर स्क्रीन शेअर करून काम होतं.

सेशन गोठलं, कारण त्या कमांडमध्ये ‘अॅड’ हा शब्द राहिला. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या पोर्टवर) आधी १, १०, २० अशी यादी असेल, तर ‘अलाउड व्हीलॅन ३०’ म्हणजे ‘जुनी यादी फेका, आता फक्त ३०’. तुमचं मॅनेजमेंट व्हीलॅन १० वर होतं, तेही त्याच फटक्यात गेलं. बरोबर कमांड ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अॅड ३०’. ही चूक करून न बसलेला नेटवर्कवाला शोधावा लागेल. एका शब्दाच्या फरकावर एवढं नुकसान अवलंबून ठेवणारी ही रचना आम्हाला आजही वाईट वाटते, पण सिस्कोत ती तशीच आहे.

पुढच्या वेळी लांबच्या उपकरणावर हात घालण्यापूर्वी एवढं करा. आधी ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ करून यादी बघा आणि ती नोटपॅडमध्ये चिकटवा. सध्याचं कॉन्फिग चांगलं असेल तर ‘राइट मेमरी’ करा. मग ‘रीलोड इन १०’ द्या. दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होईल असा हा गजर आहे. आता बदल करा. संपर्क तुटला, तर चहा घेऊन या; दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगवर परत उठेल. सगळं सुरळीत असेल, तर ‘रीलोड कॅन्सल’ आणि मग सेव्ह. हा क्रम उलटवू नका. गजर लावलेला असताना सवयीने ‘राइट’ मारलं, तर स्विच चुकीच्या कॉन्फिगवरच उठेल. आणि ‘रीलोड कॅन्सल’ विसरलात, तर भर दुपारी सगळं ऑफिस खाली बसेल. शंका असेल तेव्हा ‘शो रीलोड’ करून किती वेळ उरलाय ते बघा.

रीस्टार्ट परवडत नसेल, तर ‘आर्काइव्ह’ (कॉन्फिगच्या प्रती जपून ठेवणं) सेट केलेल्या आयओएसवर, म्हणजे सिस्कोच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, ‘कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर १०’ने कॉन्फिग मोडमध्ये जा. दहा मिनिटांत ‘कॉन्फिगर कन्फर्म’ दिलं नाही, तर रीबूट न होता बदल मागे फिरतात. जुनिपर कंपनीच्या उपकरणांवर हेच काम ‘कमिट कन्फर्म्ड’ करतं. तिथे वेगळा आकडा दिला नाही तर दहा मिनिटंच धरतात. मिक्रोटिकच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-एक्स दाबलं की प्रॉम्प्टवर ‘सेफ’ दिसतं. त्यानंतर संपर्क तुटला तर केलेले बदल पुसले जातात, फक्त त्याला नऊ मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, तेव्हा दोन मिनिटांत हातपाय गाळू नका. काम झालं की पुन्हा कंट्रोल-एक्स. कंट्रोल-डी दाबून बाहेर पडलात, तर केलेलं सगळं वाया.

अपलिंकचा पत्ता किंवा व्हीलॅन दोन्ही टोकांना बदलायचा असेल, तर आधी लांबचं टोक बदला, जवळचं शेवटी. लांबचं बदललं की संपर्क जाईल, जवळचं बदललं की परत येईल. उलट केलंत, तर लांबच्या टोकापर्यंत पोचायला वाटच राहत नाही.

प्रश्न : स्विचला आयपी दिला, पिंग होतो. टेलनेट केलं की ‘पासवर्ड रिक्वायर्ड, बट नन सेट’ म्हणून बाहेर काढतो. (कोल्हापूर)

उत्तर : व्हीटीवाय लाइनला (नेटवर्कवरून लॉगिन करायच्या वाटेला) पासवर्ड दिलेला नाही, म्हणून. पण तो द्यायच्या भानगडीत पडू नका, सरळ एसएसएच लावा. टेलनेटमध्ये पासवर्ड वायरवरून उघडा जातो. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले आणि त्यानंतर तिथल्याच ताटू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं.

कॉन्फिग मोडमध्ये स्विचला ‘होस्टनेम’ने नाव द्या आणि ‘आयपी डोमेन-नेम’ने डोमेन. ही दोन्ही नसतील तर किल्ली तयार होत नाही. मग ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए मॉड्युलस २०४८’ आणि ‘आयपी एसएसएच व्हर्जन २’. ‘युजरनेम अमुक प्रिव्हिलेज १५ सीक्रेट तमुक’ने खातं उघडा. शेवटी ‘लाइन व्हीटीवाय ० १५’मध्ये ‘लॉगिन लोकल’ आणि ‘ट्रान्स्पोर्ट इनपुट एसएसएच’. ‘क्रिप्टो’ ही कमांडच ओळखीची नाही असं स्विच म्हणाला, तर त्यातल्या आयओएस फाइलच्या नावात ‘के९’ आहे का ते ‘शो व्हर्जन’मध्ये बघा. नसेल तर त्या आयओएसमध्ये एसएसएच नाही. पहिल्यांदा एसएसएचने आत जाताना जुनं सेशन बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन झालं की मगच ते मिटवा.

प्रश्न : नवा लॅपटॉप घेतला आणि जुन्या स्विचवर एसएसएच बंद झालं. ‘नो मॅचिंग की एक्स्चेंज मेथड’ म्हणतो. जुन्या लॅपटॉपवरून चालतं. (पुणे)

उत्तर : स्विच जुन्या पद्धतीच्या चाव्या पुढे करतोय आणि नव्या ओपनएसएसएचने (लॅपटॉपवरच्या एसएसएच प्रोग्रामने) त्या घेणं थांबवलंय. ‘डिफी-हेलमन-ग्रुप१-शा१’ २०१५ च्या ७.० आवृत्तीत मूळ यादीतून गेलं आणि शा-१ वर सही केलेलं ‘एसएसएच-आरएसए’ २०२१ च्या ८.८ मध्ये. एरर नीट वाचा. शेवटी ‘देअर ऑफर’नंतर स्विच काय देऊ करतोय ते लिहिलेलं असतं. लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या स्विचच्या आयपीसाठी ‘होस्ट’चा वेगळा भाग करा आणि त्यात ‘केईएक्सअल्गोरिदम्स’ व ‘होस्टकीअल्गोरिदम्स’पुढे + चिन्ह लावून तेवढीच नावं लिहा. हे दुरुस्त केलं की कधी कधी ‘नो मॅचिंग सायफर’ येतं. तिथेही हाच उपाय, ‘सायफर्स’च्या ओळीत. ‘होस्ट’पुढे तारांकन टाकून सगळ्यांसाठी ढील देऊ नका, नाहीतर उद्या इंटरनेटवरच्या सर्व्हरशीही तुमचा लॅपटॉप तशाच कच्च्या कुलपाने बोलेल.

‘इनव्हॅलिड की लेंग्थ’ आलं, तर स्विचवरची आरएसए किल्ली १०२४ बिटपेक्षा लहान आहे. कन्सोलवरून २०४८ ची नवी बनवा.

प्रश्न : सरावासाठी जुन्या बाजारातून २९६० घेतला. ‘इनेबल’ला पासवर्ड मागतो आणि विकणाऱ्याला तो माहीत नाही. (ठाणे)

उत्तर : कन्सोल जोडून ठेवा. स्विचची विजेची वायर काढा, पुन्हा लावा आणि पंधरा सेकंदांच्या आत, सिस्टिमचा दिवा हिरवा लुकलुकत असताना, समोरचं ‘मोड’ बटण दाबून धरा. दिवा क्षणभर पिवळसर होऊन स्थिर हिरवा झाला की सोडा. प्रॉम्प्ट ‘स्विच:’ असा येईल. ‘फ्लॅश_इनिट’ द्या, मग ‘डीआयआर फ्लॅश:’. यादीत कॉन्फिग.टेक्स्ट आणि व्हीलॅन.डॅट दिसतील. स्विच विकत घेतलेला आहे, तेव्हा जुन्या मालकाचं कॉन्फिग जपायचं कारण नाही. ‘डिलीट’ने दोन्ही फाइल उडवा आणि ‘बूट’ द्या. चालू ऑफिसमधला स्विच असता तर कॉन्फिग.टेक्स्टचं फक्त ‘रीनेम’ करून, आत गेल्यावर ते परत आणून पासवर्ड बदलला असता. व्हीलॅन.डॅट वेगळं उडवावं लागतं. नाहीतर कॉन्फिग कोरं दिसतं आणि जुने व्हीलॅन मात्र तसेच राहतात.

‘फॉरमॅट फ्लॅश:’ चुकूनही देऊ नका. त्यात आयओएसची फाइलही जाते आणि ती कन्सोलवरून एक्समोडेमने (सिरियल केबलवरून फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीने) चढवावी लागते. ९६०० बॉडवर सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात, म्हणजे १० एमबीच्या फाइलला तीन तासांहून जास्त. कुणी हे करून बसलाच असेल, तर आधी ‘सेट बॉड ११५२००’ द्या, पुट्टीतही तोच वेग करा. तेच काम पंधरा-वीस मिनिटांवर येतं. फाइल पाठवायला मात्र टेराटर्म घ्या, पुट्टीत एक्समोडेम नाही.

राउटर असेल तर पद्धत वेगळी. चालू झाल्यावर पहिल्या मिनिटात ‘ब्रेक’ पाठवायचा. लॅपटॉपवर ती कळ नसते, पण पुट्टीच्या ‘स्पेशल कमांड’ मेनूत ‘ब्रेक’ आहे. मग ‘कॉन्फरेग ०एक्स२१४२’ आणि ‘रीसेट’. रजिस्टरच्या या आकड्यामुळे राउटर सेव्ह केलेलं कॉन्फिग न वाचताच उठतो. काम झाल्यावर रजिस्टर ०एक्स२१०२ वर परत आणायला विसरलात, तर राउटर प्रत्येक रीस्टार्टला कोरा उठेल आणि सेव्ह होत नाही म्हणून तुम्ही त्यालाच शिव्या घालत बसाल.

प्रश्न : अडचण आली की ‘शो रन’ (चालू कॉन्फिगची पूर्ण यादी) व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. पासवर्ड तर एन्क्रिप्टेड असतात ना? (जळगाव)

उत्तर : पासवर्डपुढे ७ आकडा असेल, तर नाही. ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’चा तो प्रकार फक्त मागून डोकावणाऱ्यासाठी आहे, क्षणात उलगडतो. ५ म्हणजे एमडी-५, साध्या पासवर्डला तोही तुटतो. ८ आणि ९ दणकट आहेत. ‘इनेबल पासवर्ड’ऐवजी ‘इनेबल सीक्रेट’ वापरा, आणि ग्रुपवर टाकताना पासवर्ड, एसएनएमपी कम्युनिटी (देखरेखीच्या सॉफ्टवेअरसाठीचा पासवर्डसारखा शब्द) आणि सार्वजनिक आयपी खोडा. जे आधीच टाकलंय त्यातले पासवर्ड आजच बदला. खरं तर अख्खं कॉन्फिग लागतच नाही. ‘शो रन इंटरफेस’पुढे पोर्टचा नंबर दिला की त्या पोर्टपुरतंच येतं.

प्रश्न : सोसायटीत पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचवर वीस कॅमेरे आहेत. एखादा कॅमेरा हँग झाला की वॉचमन पूर्ण स्विच बंद-चालू करतो. एकाच कॅमेऱ्याची वीज तोडता येईल का? (डोंबिवली)

उत्तर : येईल. आधी कॅमेरा कोणत्या पोर्टवर आहे ते शोधा. त्याच्या तळाशी चिकटवलेला मॅक पत्ता किंवा एनव्हीआरमधला (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधला) मॅक घ्या आणि ‘शो मॅक अॅड्रेस-टेबल अॅड्रेस’पुढे द्या. स्टिकरवर दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या असतात, सिस्कोला चार-चार अक्षरांचे तीन गट, मध्ये टिंब, असं द्या. पूर्ण हँग झालेला कॅमेरा बोलत नसेल तर पत्ता टेबलातून गेलेला असतो, कारण तो साधारण पाच मिनिटंच लक्षात राहतो. म्हणून सगळे कॅमेरे चालू असतानाच ही यादी काढून प्रत्येक पोर्टला ‘डिस्क्रिप्शन’ देऊन ठेवा : ‘बी विंग लिफ्ट’, ‘मागचं गेट’.

मग त्या इंटरफेसमध्ये ‘पॉवर इनलाइन नेव्हर’, दहा सेकंद थांबा, ‘पॉवर इनलाइन ऑटो’. कॅमेरा उठायला मिनिटभर लागतो. बाकीचे एकोणीस चालूच राहतात.

तेच ते कॅमेरे रात्रीच बंद पडत असतील, तर ‘शो पॉवर इनलाइन’मध्ये वर लिहिलेलं एकूण बजेट आणि उरलेले वॅट बघा. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेऱ्याची भूक वाढते. ८०२.३एएफ या पीओईच्या मानकात पोर्टकडून जास्तीत जास्त १५.४ वॅट निघतात, पण केबलमधली घट धरून कॅमेऱ्याला १२.९५ चीच हमी असते. मोठ्या फिरत्या कॅमेऱ्याला तेवढे पुरत नाहीत, त्याला ३० वॅटचा ८०२.३एटी पोर्ट लागतो. बजेट शिल्लक असूनही एकच लांबचा कॅमेरा पडत असेल, तर केबल तपासा : शंभर मीटरपेक्षा लांब आहे का, आणि आतली तार तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची.